घरातलं कोण कशानं गेलं

मामा गेला तेव्हा गावाला सांगितलं गेलं ते एवढंच, की पोटाचं काहीतरी निघालं होतं. वय 52. साखर कारखान्यात कामाला, हंगामात रात्रपाळी करून सकाळी घरी जायच्या आधी शेतावर चक्कर मारणारा माणूस. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांत कुणी लिव्हर म्हणालं, कुणी अल्सर फुटला म्हणालं. आजीनं सगळं ऐकून घेतलं, कुणाचंच खोडून काढलं नाही. मामाच्या थोरल्या मुलीसाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. घराण्यात कॅन्सर आहे अशी कुजबुज सुरू झाली की आलेलं स्थळ पत्रिका जुळत नाही म्हणून परत जातं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

आजीला मी दोष देत नाही. तिनं नातीचा संसार बघितला. पण त्या गप्प बसण्यात एक गोष्ट राहून गेली. मामाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, आणि हा आजार ज्याच्या सख्ख्या माणसाला झाला त्याला स्वतःला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण दुप्पट असते. मामाला दोन बहिणी, माझी आई आणि इंदूरला दिलेली धाकटी मावशी. त्याला मुलं दोन. ज्या चौघांना हे कळायला सगळ्यात आधी हवं होतं, त्यांच्यासमोरच ते सगळ्यात जास्त झाकलं गेलं. आज मी हे उघडपणे लिहिते आहे ते घरातल्या सगळ्यांना विचारून. मामीनं तर सांगितलं, काही गाळू नकोस.

मामाला पहिल्यांदा रक्त कधी दिसलं हे फक्त मामीला ठाऊक. कपडे ती धुवायची. लेंग्याला डाग दिसला तेव्हा तिनं विचारलं, आणि त्यानं 'उष्णता झालीय' म्हणून विषय संपवला. उन्हाळा होता, काम बॉयलरजवळचं होतं, उष्णता पटण्यासारखी होती. शिवाय कुणाला सांगायचं नाही अशी तिला शपथ घातली. मग घरचे उपाय सुरू झाले. लोणी-खडीसाखरेतून नागकेशर. सुरणाची भाजी. रात्री इसबगोल. तिखट बंद, जेवणात ताक. थोडे दिवस बरं वाटायचं, कारण असं रक्त रोज पडतच नाही. ते येतं, थांबतं, महिना महिना दिसत नाही, आणि थांबलं की उपाय लागू पडला असं सगळ्यांना वाटतं. पुढे तालुक्याच्या गावी एकाकडून मूळव्याधीच्या पुड्या आणणं सुरू झालं. एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवर त्याची जाहिरात रंगवलेली होती: मूळव्याध, भगंदर, फिशर, ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज. त्या खात्रीवर वर्षाच्या वर गेलं. या सगळ्या काळात मामाला एकदाही कुणी तपासणीच्या टेबलावर आडवं केलं नाही.

याचं मला अजूनही फार वाईट वाटतं. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वीतभर भाग. तिथली गाठ पुष्कळदा हातमोजा घातलेल्या बोटाला लागते. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपल्याकडे या कॅन्सरमध्ये गुदाशयातल्या गाठींचं प्रमाण जास्त असतं, म्हणजे ही बोटाची तपासणी आपल्याकडे तर अधिकच कामाची. तिला मशीन लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही, मिनिटभरात होते. डॉक्टर करायला संकोचतात आणि पेशंट करून घ्यायला, इतकंच. रक्त पडतंय म्हणून गेलेल्या माणसाला न तपासता नुसतं मूळव्याधीचं औषध हातात मिळालं, तर त्यानं दुसरा डॉक्टर गाठावा आणि स्वतःच्या तोंडानं सांगावं, मला आतून तपासा.

रक्त दिसलं तर ते बहुतेक वेळा मूळव्याधीचं किंवा फिशरचंच असतं, हे खरं. कुणी धास्ती घ्यावी असं नाही. पण मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असं थोडंच आहे? दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि दिसायला सोपं असलेलं दुखणं पुढे येऊन अवघड दुखणं मागे राहतं. मामाला नंतर नंतर शौचाला जाऊन आल्यावरही मोकळं वाटेना. दिवसातून चार-पाचदा जायचा, प्रत्येक वेळी थोडंसंच व्हायचं. चेहरा पांढराफटक पडला. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन फार उतरलेलं निघालं, तर लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह असं कमी झालं, तर ते कुठून जातंय हे शोधायला हवं. गोळ्यांनी आकडा वर येतो, गळती तशीच राहते.

शेवटी निदान झालं तेव्हा आजार यकृतात पोचला होता. पुढच्या महिन्यांबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांना माहीत आहे.

या आजाराबद्दल वाचायला लागल्यावर एका गोष्टीवर मी अडकले, ती म्हणजे त्याला लागणारा वेळ. आतड्याच्या आतल्या अस्तरावर एक लहानशी गाठ उगवते, तिला पॉलिप म्हणतात. बरेचसे पॉलिप जन्मभर तसेच राहतात, काही करत नाहीत. ॲडेनोमा जातीच्या काही पॉलिपांमध्ये मात्र पेशी हळूहळू बिघडत जातात. साध्या गाठीचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-एक वर्षं लागतात. या दहा वर्षांत दुखत नाही, खुपत नाही, भूक-झोप व्यवस्थित असते. एरवी कॅन्सर लवकर शोधणं म्हणजे लहान असताना शोधणं. इथे तो व्हायच्या आधीची गाठच सापडते आणि त्याच तपासणीत काढून टाकता येते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर सोडला तर ही सवड फार थोड्या कॅन्सरमध्ये मिळते. मामाच्या बाबतीत ही सवड चाळिशीत होती. तेव्हा तो कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून गावोगाव फिरायचा.

ही गाठ पोट न फाडता काढता येते यामागे थोडा आपल्याकडचाही हात आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करत होते. केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेता येतं, हे त्यांनी दाखवलं. 1954 मध्ये ते 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. वळणावळणाच्या जागेत लवचीक नळी घालून आत बघणं त्यातून शक्य झालं. 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या या जपानी सर्जननं विल्यम वुल्फ यांच्या साथीनं अशा नळीतून तारेचा फास आत नेला, पॉलिपभोवती आवळला आणि कापून काढला. पुढे अमेरिकेत अशा तऱ्हेनं पॉलिप काढलेल्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. 2012 मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: या कॅन्सरनं त्यांच्यात जितके मृत्यू व्हायला हवे होते, त्याच्या निम्म्याहूनही कमी झाले. अमेरिकेतलेच आणखी दोन आकडे सांगते, कारण मला ते विसरता येत नाहीत. आजार आतड्यापुरताच असताना सापडला तर दहांतले नऊ जण पाच वर्षांनंतरही असतात. दूरवर पसरल्यावर सापडला तर सहा-सातांत एक.

जगभरात 2022 मध्ये या कॅन्सरचे 19 लाखांहून जास्त नवे रुग्ण सापडले आणि सुमारे 9 लाख माणसं गेली. भारतात दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, आणि म्हणूनच सरकारी तपासणी कार्यक्रमात आपल्याकडे तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीनच कॅन्सर घेतले आहेत. तो निर्णय समजण्यासारखा आहे. तंबाखूनं तोंडाची जी दशा होते ती बघता पैसा आणि माणसं आधी तिकडेच लागायला हवीत. पण याचा अर्थ असा, की मोठ्या आतड्यासाठी तुमच्या आईला किंवा भावाला कुणी बोलावणार नाही. आशाताई दारात येऊन रक्तदाब, साखर विचारतील, हे विचारणार नाहीत.

माझा एक चुलतभाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिथे 50 ते 74 वयाच्या माणसांना दर दोन वर्षांनी सरकारी आरोग्यसेवेकडून घरी पाकीट येतं. आत एक छोटी बाटली, टोपणाला जोडलेली काडी. शौचाचा कणभर नमुना काडीला लावून बाटलीत बंद करायचा आणि टपालानं परत पाठवायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात असलं तर बोलावणं येतं. भाऊ म्हणाला, मी काही ठरवलंच नाही, पाकीट आलं म्हणून केलं. हे ऐकताना मला वाटलं, आपल्याकडे ते पाकीट कुणीतरी घरातल्यानंच व्हायला पाहिजे. भाची, सून, जावई, धाकटा दीर, कुणीही. जो बोलू शकतो त्यानं.

आणि बोलायचं म्हणजे आधी काय सांगायचं? घरात कोण कशानं गेलं ते. मला इथे एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट सांगायची आहे. 1895 मध्ये अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावात ऑल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरला ती उदास दिसली. त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, की मी लवकरच मरणार, कारण आमच्या घरातली माणसं पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरनंच जातात. दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. वॉर्थिननं तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढायला घेतली. कुणाला काय झालं, कितव्या वर्षी गेलं, सगळं. 1913 मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. ती बाई पुढे खरोखरच गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली, वयाची पन्नाशी गाठायच्या आत. त्या घराण्याला वैद्यकात 'फॅमिली जी' म्हणतात. 1960 च्या दशकात नेब्रास्कातल्या हेन्री लिंच यांना अशीच घराणी भेटली. कॅन्सर असा पिढीतून पिढीत उतरतो हे तेव्हा फारसं कुणी मानत नव्हतं, तरी ते माणसं शोधत, नोंदी करत राहिले. 1993 पासून त्यामागची जनुकं एकेक करून सापडत गेली. आज त्या दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. तो ज्यांच्यात आहे त्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे लवचीक नळीनं मोठ्या आतड्याच्या आत बघण्याची तपासणी, विशी-पंचविशीपासून सुरू करतात आणि दर एक-दोन वर्षांनी करतात, कारण त्यांच्यात पॉलिपपासून कॅन्सरपर्यंतचा काळ फार कमी असतो.

शिकलेल्या डॉक्टरांच्या आधी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला ते कळलं होतं. तिनं कुठल्याही प्रयोगशाळेत पाऊल न ठेवता घरातली मरणं मोजली होती. आपल्या घरांतूनही अशी मोजदाद करणारी एक बाई असतेच. कोण कधी गेलं, तिथी कोणती, कुणाच्या बाराव्याला कुणाचा जन्म झाला हे तिला तोंडपाठ असतं. तिला फक्त कुणी नीट बसून विचारलेलं नसतं.

आमच्या घरात ती बाई म्हणजे माझी आई, वय 66. आणि तपासणीला सगळ्यात जास्त विरोध तिचाच.

'मला काही होत नाही' इथून सुरुवात झाली. मी म्हटलं, होत नाही तेव्हाच करायची असते. मग खर्च. मग 'या वयात काय निघायचंय'. मग एकदम, आवाज खाली आणून, 'आणि निघालं तर?' खरी अडचण ही होती, आणि तिच्या मागे लाज होती. ती लाज मला लहान वाटत नाही. जिनं बाळंतपणाखेरीज कधी डॉक्टरसमोर पदर ढळू दिला नाही, तिला अनोळखी खोलीत कुशीवर झोपून पाय पोटाशी घ्यायला सांगायचं, हे मोठं मागणं आहे. आकडे सांगून ते पुढे सरकत नाही. मी बाई डॉक्टर शोधल्या. अंगावर शेवटपर्यंत चादर असते, झोपेचं इंजेक्शन देतात, काही कळत नाही, हे ज्यांची झाली होती त्या आमच्या शेजारच्या काकूंना घरी बोलावून तिला त्यांच्याच तोंडून ऐकवलं. तरी ती तयार झाली ते वेगळ्याच गोष्टीनं. मी म्हटलं, आई, तुझ्या आतड्यात काय आहे त्यावर माझी तपासणी कधी करायची हे ठरणार आहे. तुझ्यापुरतं असतं तर मी एवढी मागे लागले नसते. ती थोडा वेळ भाजी निवडत राहिली आणि म्हणाली, मग बघ कधीची मिळते ते.

तयारीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण लोक तपासणीपेक्षा तयारीलाच जास्त घाबरतात. आधीचे दोन दिवस पालेभाज्या, बिया असलेली फळं, डाळींची सालं, भाकरी बंद. मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, उकडलेला बटाटा. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि नितळ: शहाळं, गाळलेलं लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा. 'कडक एकादशी म्हणायची,' आई म्हणाली, आणि मग ते तिला सोपं गेलं, कारण उपास तिला जन्मभर येतो. संध्याकाळी पावडर दोन लिटर पाण्यात विरघळवली. चव खारट-गुळमट, कोमट असली की घशाखाली उतरत नाही. आम्ही तांब्या फ्रिजमध्ये ठेवला, प्रत्येक पेल्याला लिंबाची फोड दिली, आणि दर पंधरा मिनिटांनी एक असे पेले सुरू झाले. तासाभरानं पोट सुटलं. मग रात्रभर संडासातला दिवा चालू, बाहेर स्टूल, जवळ सुती जुनं लुगडं फाडून केलेले मऊ तुकडे आणि खोबरेल, कारण पुन्हा पुन्हा जाऊन कातडी हुळहुळते. शेवटी नुसतं पिवळसर नितळ पाणी पडायला लागलं की तयारी झाली. मधुमेहाच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना आधी विचारायलाच हवं. आईची रक्तदाबाची गोळी तेवढी त्यांनी पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली होती.

आणि त्या रात्री आई बोलली. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, भिंतीला टेकून बसलेली, पाय लांब केलेले. जन्मभर ज्याबद्दल बोलायचं नसतं त्याबद्दल संध्याकाळपासून आम्ही बोलत होतो, रंग काय, पातळ किती, त्यामुळे असेल. तिनं मामाचं सांगितलं, मामीनं तिच्याजवळ नंतर कसं मन मोकळं केलं ते सांगितलं. मग म्हणाली, 'आबांनासुद्धा संग्रहणी म्हणायचे, पण रक्त पडायचं. साठीच्या आत गेले.' आबा म्हणजे तिचे वडील. आणि आबांची एक बहीण होती, ती 'अंगावरून जाऊन' गेली, चाळिशीत. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी स्वयंपाकघरातून वाणसामानाची वही आणली आणि मागच्या पानावर आबा, आबांची बहीण, मामा अशी नावं, नाती आणि वयं लिहून घेतली. संग्रहणीच्या मागे काय होतं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण सकाळी डॉक्टरांनी ते पान वाचलं, एकदा वर बघितलं, पुन्हा वाचलं, आणि त्याची प्रत फाइलला लावून घेतली. तोवरच्या सगळ्या कागदांत त्यांनी सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवला तो कागद तोच.

तपासणीला अर्धा तास लागला. आईला दंडावर बांधलेली पट्टी आठवते आणि त्यानंतर एकदम चहा आठवतो. पॉलिप सापडला, 12 मिलिमीटरचा, आणि तिथल्या तिथे काढला. आठवड्यानं रिपोर्ट आला: ॲडेनोमा, कॅन्सर नाही. दहा मिलिमीटरच्या वरचा ॲडेनोमा डॉक्टर गांभीर्यानं घेतात, म्हणून पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी. तो तसाच राहिला असता तर त्याचं पुढे काय झालं असतं हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. काहीही झालं नसतं, किंवा मामासारखं झालं असतं. हा प्रश्न आता आमच्या घरात नाही, आणि त्याचा आनंद मला रोज होतो.

सगळ्यांनीच कोलोनोस्कोपी करावी असं मी म्हणणार नाही. ही तपासणी सुरक्षित आहे, तरी क्वचित रक्तस्राव होतो, फारच क्वचित आतड्याला छिद्र पडतं. ज्याला गरज आहे त्यानं ती घ्यावी आणि अनुभवी हातून घ्यावी. अमेरिकेत पन्नाशीखालच्या लोकांत हा आजार वाढताना दिसला तेव्हा तिथे 2021 मध्ये तपासणी सुरू करायचं वय 50 वरून 45 वर आणलं. आपल्याकडे असा सरसकट नियम नाही. घरात कुणाला नाही, स्वतःला तक्रार नाही, वय पंचेचाळीसच्या पुढे, अशा माणसानं डॉक्टरांशी बोलून ती साधी शौचाची चाचणी करावी. तिला फिट म्हणतात आणि आता शहरांतल्या मोठ्या लॅबमध्ये ती होते. ती दर एक-दोन वर्षांनी करायची असते, आणि तीत रक्त निघालं तर पुढे कोलोनोस्कोपी करायचीच. मूळव्याध आहे म्हणून असेल असं म्हणून रिपोर्ट कपाटात टाकायचा नाही. पण ज्यांच्या आई-वडिलांना, भावंडांना हा आजार झाला त्यांना फिटवर थांबता येत नाही. घरातला पेशंट साठीच्या आतला असेल, तर चाळिसावं वर्ष, किंवा त्याचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधीचं वय, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी. मामाचं 52 धरलं तर 42 येतं, चाळीस त्याच्या आधी. म्हणून आमच्या घरात सगळ्यांसाठी चाळीस. आणि ज्याला रक्त पडतंय, वजन उतरतंय, सवय बदललीय, त्याला वयाचा हा हिशोबच लागू नाही. तो पंचविशीचा असला तरी त्यानं तपासून घ्यायचं.

एका माणसाच्या सांगण्यानं काय होतं असं वाटतं तेव्हा मला केटी कुरिक आठवते, अमेरिकेतली टीव्हीवरची पत्रकार. तिचा नवरा 1998 मध्ये याच कॅन्सरनं गेला, 42 वर्षांचा. तिनं 2000 साली स्वतःची कोलोनोस्कोपी सकाळच्या कार्यक्रमात लाखो लोकांना दाखवली. ती पावडर पितानाही दाखवली. त्यानंतर तिथे ही तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी वाढल्याचं संशोधकांना आढळलं. आपल्याजवळ टीव्ही नाही, पण घरच्यांचा ग्रुप आहे. आईच्या परवानगीनं मी तिचा रिपोर्ट त्यावर टाकला. लग्नाच्या वाढदिवसांच्या शुभेच्छांमध्ये तो दिसला तेव्हा एका काकांनी लगेच फोन केला, असलं सगळ्यांसमोर कशाला. मी म्हटलं, काका, तुम्ही वाचलंत ना? ते म्हणाले, वाचलं. मग थोडं थांबून म्हणाले, मलाही मध्ये मध्ये पडतं.

मामाची मुलगी पहिली गेली. जिच्या लग्नासाठी सगळं झाकलं होतं तिनं स्वतःच नवऱ्याला सगळं सांगितलं, आणि त्यानं रजा टाकून तिला नेलं. तिचा अहवाल स्वच्छ आला. मीही करून घेतली, कारण आईचा पॉलिप मोठा निघाल्यावर माझाही नंबर लागलाच होता. मामाचा मुलगा 39 चा, वडिलांच्याच कारखान्यात. तो म्हणाला, ताई, हंगाम संपला की बघू. मी म्हटलं, तुझा बाबाही हंगाम संपायची वाट बघत होता. तो गप्प झाला. बोलले ते कठोर होतं, हे मला कळत होतं, तरी ते मी परत घेतलं नाही. मग मामी फोनवर आली आणि म्हणाली, ऊस सुरू व्हायच्या आधीची तारीख घे, त्याला मी आणते.

राहिली मावशी. ती फोनवर गोड बोलून निसटते. तिकडे सगळ्यांच्या पोटाला पोह्यांची सवय आहे, आमच्या माळव्यात असलं काही होत नाही म्हणते. तिच्या सुनेला हाताशी धरलंय. दिवाळी झाली की मी इंदूरला जाते आहे. तिथल्या डॉक्टरांची तारीख सुनेनं घेऊन ठेवली आहे, आणि ती मावशीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, 'तू आलीस की आधी सराफ्यात जाऊ, मग तुझं ते काय ते.' सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचं ठरलं आहे. फक्त ते तपासणीनंतर, कारण आदले दोन दिवस तिला तिथलं काहीच खाता येणार नाही.